आधी पंजी, मग उतारा

डेटाबेसमध्ये दोन वेगळ्या गोष्टी साठवलेल्या असतात. एक म्हणजे आजची स्थिती: कोणत्या खात्यात किती रक्कम, कोणत्या गटात कोणाचे नाव, कोणत्या गोदामात किती पोती. दुसरी म्हणजे त्या स्थितीपर्यंत आणून सोडणाऱ्या प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद. पहिली डेटा फाइलमध्ये असते, दुसरी ट्रान्झॅक्शन लॉगमध्ये. पडद्यावर दिसते ती पहिली. त्यामुळे तीच खरी वाटते, आणि बॅकअपचा विषय निघाला की रात्री तिचीच एक प्रत काढून काम झाले असे मानले जाते. प्रत्यक्षात ऐवज लॉगमध्ये असतो. डेटा फाइल हा त्या लॉगचा एका क्षणी काढलेला उतारा आहे. उतारा हरवला तर पंजीवरून पुन्हा तयार करता येतो; पंजी हरवली तर उताऱ्यावरून ती परत मिळत नाही.

पंजी आणि उतारा हे शब्द महसुलातले आहेत आणि ते येथे नुसत्या उपमेसाठी घेतलेले नाहीत. बुलढाणा जिल्ह्यात, किंबहुना सगळ्या विदर्भात, जिला फेरफार पंजी म्हणतात ती म्हणजे गाव नमुना ६. सातबारा हा गाव नमुना ७ आणि १२ यांचा मिळून होणारा उतारा. जमीन विकली, वारस लागले, बँकेचा बोजा चढला, की महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे ती गोष्ट आधी पंजीत क्रमांकाने लिहिली जाते. हितसंबंधितांना नोटीस जाते, चावडीवर प्रत लागते, हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. नोंद प्रमाणित झाली की मगच तिचा अंमल सातबारावर येतो. जुने नाव खोडून टाकत नाहीत, त्याला कंस करतात. नव्या नावाजवळ फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहितात. संगणकीकृत सातबारावर तर शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि दिनांक, फेरफार प्रलंबित आहे की नाही, आणि जुन्या फेरफारांचे क्रमांक हे सगळे छापूनच येते. मेहकरला किंवा मलकापूरला मालकीचा वाद कोर्टात गेला की वकील सातबाऱ्यावर थांबत नाही. पक्षकाराला फेरफार काढून आणायला सांगतो. नाव कोणाचे आहे हे सातबारा सांगतो, ते तिथे कसे आले हे फेरफार सांगतो.

व्यापाऱ्याची पेढीही याच रीतीने चालत आली. १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठी. त्या बाजारातल्या अडत्यासमोर जी वही उघडी असायची ती कीर्द, म्हणजे व्यवहार ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने लिहिलेली. माणसागणिक खाती पाडलेली खतावणी नंतर, फुरसतीने भरली जायची. खतावणी जळाली तर कीर्दीवरून पुन्हा खतावता येते. डेटाबेस घडवणाऱ्या अभियंत्यांना कीर्द माहीत असण्याचे कारण नव्हते, पण ते पोहोचले त्याच ठिकाणी.

पोहोचण्याचे कारण मात्र वेगळे होते. पेढीवर कीर्द आधी लिहिली जाते ती शिस्त म्हणून; डेटाबेसमध्ये लॉग आधी लिहिला जातो तो वेगासाठीही. डेटा फाइल पानांची बनलेली असते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये आणि पोस्टग्रेसमध्ये हे पान साधारणपणे ८ किलोबाइटचे असते. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम वळवायची तर दोन खात्यांची पाने, त्यांच्या अनुक्रमणिकांची पाने, दिवसाच्या बेरजेचे पान अशी फाइलभर विखुरलेली कितीतरी पाने बदलावी लागतात. प्रत्येक व्यवहाराला ती सगळी डिस्कवर लिहीत बसले तर काउंटरवरची रांग रस्त्यावर जाईल. म्हणून पाने तूर्त स्मृतीतच बदलली जातात आणि काय बदलले त्याची छोटीशी नोंद लॉगच्या शेवटी जोडली जाते. व्यवहार पक्का करण्याचा आदेश, ज्याला कमिट म्हणतात, आला की लॉगचा तेवढा तुकडा डिस्कवर पोहोचल्याची खात्री केली जाते आणि मगच पडद्यावर 'व्यवहार पूर्ण' असे उमटते. पाने मागाहून, सवडीने, चेकपॉइंट नावाच्या टप्प्यावर उतरतात. नियम एकच: पानावरचा बदल डिस्कवर जाण्याआधी त्याची लॉगमधली नोंद डिस्कवर गेलेली असली पाहिजे.

या नियमाची परीक्षा वीज जाते तेव्हा होते, आणि वऱ्हाडात उन्हाळ्यात हा प्रसंग काही दुर्मीळ नाही. यूपीएसची बॅटरी उतरलेली असेल तर सर्व्हर मध्येच बंद पडतो. त्या क्षणी काही पक्के व्यवहार फक्त लॉगमध्ये असतात, त्यांची पाने जुनीच राहिलेली असतात. उलट काही अर्धवट व्यवहारांची पाने डिस्कवर आधीच गेलेली असतात. महसुलाची पद्धत आणि डेटाबेसची पद्धत येथे वेगळी होते. फेरफार प्रमाणित झाल्याशिवाय सातबारावर चढत नाही. डेटाबेसमध्ये अप्रमाणित बदलही पानावर चढू शकतो, कारण स्मृती भरली की पाने बाहेर टाकावीच लागतात. त्यामुळे सर्व्हर पुन्हा सुरू झाला की त्याला दोन्ही दिशांनी काम करावे लागते. आधी लॉग वाचून कोणते व्यवहार पक्के होते आणि कोणते अर्धवट, हे तो निश्चित करतो. मग लॉगप्रमाणे सगळा इतिहास पुन्हा घडवतो. शेवटी अर्धवट राहिलेले व्यवहार उलटे फिरवतो.

पुन्हा घडवताना एक अडचण येते: जो बदल पानावर आधीच उतरला आहे तो दुसऱ्यांदा लावला जाऊ नये. त्यासाठी लॉगमधल्या प्रत्येक नोंदीला चढता क्रमांक असतो आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर त्या पानाला लागलेल्या शेवटच्या नोंदीचा क्रमांक लिहिलेला असतो. पानावरचा क्रमांक मोठा किंवा तेवढाच असेल तर ती नोंद लावायची नाही. लहान असेल तर लावायची. सातबारावर छापलेला शेवटचा फेरफार क्रमांक नेमके हेच काम करतो. उलटे फिरवण्याचेही साम्य असेच आहे. चुकीचा फेरफार पंजीतून फाडून टाकत नाहीत, दुरुस्तीचा नवा फेरफार घालतात. डेटाबेसही अर्धवट व्यवहार मागे घेताना जुनी नोंद पुसत नाही, भरपाईची नवी नोंद लिहितो. मागे घेण्याचे काम चालू असताना वीज पुन्हा गेली, तरी कुठपर्यंत मागे घेतले हे त्या नोंदींवरून कळते.

ही व्यवस्था एका दिवसात सुचलेली नाही. १९७० च्या दशकात आयबीएमच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेत सिस्टिम आर हा प्रकल्प चालू असताना जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यवहार या कल्पनेला काटेकोर रूप दिले. ग्रे यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. वर सांगितलेली पुनर्रचनेची रीत एरीज या नावाने १९९२ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाली. तिचे प्रमुख लेखक सी. मोहन हे मद्रासच्या आयआयटीचे विद्यार्थी. आज वापरात असलेल्या कित्येक डेटाबेसच्या पोटात एरीजचे किंवा तिच्या नातलग पद्धतींचे यंत्र चालते.

इथपर्यंत बॅकअपचा प्रश्न आलेलाच नाही. वीज गेल्यावर सावरायला डिस्कवरचा लॉग पुरतो. डिस्कच गेली तर लॉगही गेला, आणि बॅकअप लागतो तो तिथे. पण लॉगचा बॅकअप ही कल्पना आणखी एका, काहीशा गैरसोयीच्या गोष्टीतून आली: लॉग वाढत राहतो. पंजीची पाने संपली की दुसरी पंजी उघडता येते; डिस्क तशी उघडता येत नाही. म्हणून लॉगची जागा फिरती वापरली जाते. ज्या भागातले व्यवहार पक्के झाले, ज्याची पाने डिस्कवर उतरली, तो भाग पुन्हा लिहायला मोकळा केला जातो. वीज जाण्याच्या संकटापुरते पाहिले तर त्या जुन्या भागाची गरज उरलेली नसते. डिस्क जाण्याच्या संकटासाठी मात्र तोच भाग सोन्यासारखा असतो.

तो भाग मोकळा करण्याआधी त्याची प्रत बाहेर काढली आहे की नाही, हे कोणी पाहायचे? एसक्यूएल सर्व्हरमध्ये याचे उत्तर रिकव्हरी मॉडेल नावाच्या एका निवडीत आहे. 'सिंपल' निवडले तर सर्व्हर चेकपॉइंटनंतर जुना लॉग स्वतःच मोकळा करतो. लॉगचा बॅकअप घेताच येत नाही. 'फुल' निवडले तर लॉगचा बॅकअप घेतल्याखेरीज जुना भाग मोकळा होत नाही. 'बल्क-लॉग्ड' ही मधली सोय, मोठ्या घाऊक भरणीसाठी; तिच्यात भरणीचा लॉग लहान राहतो, पण त्या तुकड्याच्या मधल्या एखाद्या क्षणाला परत जाता येत नाही. ओरॅकलमध्ये हेच काम आर्काइव्हलॉग पद्धत करते. पोस्टग्रेसमध्ये लॉग साधारणपणे १६ मेगाबाइटच्या तुकड्यांत लिहिला जातो आणि भरलेला प्रत्येक तुकडा दुसरीकडे पोहोचवण्याची आज्ञा देऊन ठेवता येते. नावे वेगळी, करार एकच: प्रत बाहेर पोहोचल्याशिवाय जागा पुसायची नाही.

या कराराची माहिती नसल्याने घडणारा घोटाळा सगळीकडे सारखाच असतो. सॉफ्टवेअर बसवणारा माणूस 'फुल' ठेवून जातो, रोज रात्री पूर्ण बॅकअप लावून देतो आणि लॉगच्या बॅकअपचे विसरतो. पूर्ण बॅकअपने लॉग मोकळा होतो हा त्याचा समज. तो होत नाही. वर्षभरात डेटा ५ जीबीचा आणि लॉग ८० जीबीचा असे चित्र उभे राहते आणि एखाद्या सोमवारी सकाळी डिस्क भरल्यामुळे सर्व्हर नवी नोंद घ्यायचे नाकारतो. एसक्यूएल सर्व्हरच्या भाषेत ही ९००२ क्रमांकाची चूक. मग कोणीतरी मॉडेल 'सिंपल' करतो, लॉगची फाइल आक्रसतो, काम सुरू होते आणि सगळे त्याला हुशार म्हणतात. पंजीची कपाटात गर्दी झाली म्हणून पंजी रद्दीत घालण्यातला हा प्रकार आहे. काही ठिकाणी तर कोणीतरी लॉगची फाइलच डिलीट करतो. त्यानंतर डेटाबेस नीट उघडला तर ते नशीब.

लॉगच्या बॅकअपचे स्वरूप नीट समजून घेण्यासारखे आहे. पूर्ण बॅकअप म्हणजे त्या वेळचा अख्खा डेटा, आणि तो घेत असताना झालेले बदल जुळवून घेण्यापुरता लॉग. डिफरेन्शियल म्हणजे शेवटच्या पूर्ण बॅकअपनंतर बदललेली पाने. लॉग बॅकअप म्हणजे मागच्या लॉग बॅकअपनंतरच्या सगळ्या नोंदी. मोजणी मागच्या लॉग बॅकअपपासून होते, मागच्या पूर्ण बॅकअपपासून नव्हे, आणि सगळे महत्त्व याच गोष्टीत आहे. एकामागून एक लॉग बॅकअप कडीला कडी जोडल्यासारखे जुळतात. एकाचा शेवटचा क्रमांक तो दुसऱ्याचा पहिला. मध्ये पूर्ण बॅकअप घेतला तरी ही साखळी तुटत नाही. त्यामुळे परवाचा पूर्ण बॅकअप खराब निघाला तर त्याच्या आधीच्या आठवड्याचा घेऊन त्यावर तेव्हापासूनचे सगळे लॉग चढवता येतात. वेळ जास्त लागेल, पण पोहोचायचे त्याच ठिकाणी पोहोचता येईल. उलट साखळीतली एक कडी गेली तर तिच्या पुढच्या शंभर कड्या असून निरुपयोगी. मॉडेल 'सिंपल' करून पुन्हा 'फुल' केले की कडी तुटलेलीच असते, आणि नवा पूर्ण किंवा डिफरेन्शियल बॅकअप घेईपर्यंत साखळी पुन्हा सुरू होत नाही. पडद्यावर मात्र सगळे ठीक दिसत राहते.

एक कल्पित प्रसंग घेऊ. सोयाबीनचा हंगाम, जिल्ह्यातली एक बाजार समिती. रविवारी रात्री ११ वाजता पूर्ण बॅकअप, इतर दिवशी रात्री ११ वाजता डिफरेन्शियल, आणि दर १५ मिनिटांनी लॉग. गुरुवारी दुपारी २ वाजून १० मिनिटांनी एका पट्टीचा भाव दुरुस्त करताना 'कोणती पट्टी' ही अट लिहायची राहून गेली आणि त्या दिवसाच्या सगळ्या पट्ट्यांवर एकच भाव चढला. लक्षात आले २ वाजून ४० मिनिटांनी. यंत्राच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नाही. डिस्क धडधाकट आहे, व्यवहार रीतसर पक्का झालेला आहे. बिघडले आहे ते खरेपण.

ज्या कार्यालयात फक्त रात्रीची प्रत आहे तिथे पर्याय दोन: चुकीचे भाव हाताने सुधारत बसायचे, किंवा बुधवारी रात्रीच्या प्रतीवर जाऊन गुरुवारची सगळी आवक, हर्रास आणि वजने पुन्हा भरायची. लॉगची साखळी असेल तर तिसरी वाट उघडते. आधी आतापर्यंतचा, अजून बॅकअप न झालेला लॉग बाहेर काढायचा. याला शेपटीचा बॅकअप म्हणतात आणि घाईत सर्वांत जास्त वेळा विसरला जातो तो हाच. मग मूळ डेटाबेसला हात न लावता, शेजारी दुसऱ्या नावाने, रविवारचा पूर्ण बॅकअप उतरवायचा, त्यावर बुधवारचा डिफरेन्शियल, त्यावर तेव्हापासूनचे लॉग क्रमाने, आणि शेवटच्या लॉगला सांगायचे की २ वाजून ९ मिनिटांवर थांब. त्या शेजारच्या डेटाबेसमध्ये भाव बरोबर आहेत. तिथून फक्त भावाचा रकाना उचलून मूळ डेटाबेसमध्ये भरला की २ वाजून १० ते २ वाजून ४० या अर्ध्या तासात झालेली इतर कामेही वाचतात. सगळा डेटाबेस मागे नेण्यापेक्षा ही रीत बहुतेक वेळा शहाणपणाची ठरते, आणि ती घाबरलेल्या माणसाला सुचत नाही, म्हणून आधी लिहून ठेवलेली बरी.

खरा वादाचा मुद्दा त्या १५ मिनिटांचा आहे. हा आकडा कोणी ठरवायचा? प्रचलित रीत अशी की संगणकाचे काम पाहणारा तरुण त्याच्या अंदाजाने ठरवतो, किंवा सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस मागच्या ठिकाणी ठेवला तोच ठेवतो. परंतु आकड्याचा अर्थ तांत्रिक नाही. डिस्क समूळ गेली आणि शेपटीही हाती लागली नाही, तर जास्तीत जास्त किती वेळाचे काम बुडालेले चालेल, एवढाच त्याचा अर्थ आहे. इंग्रजीत त्याला आरपीओ असे आद्याक्षरांचे नाव दिल्यामुळे तो अभियंत्यांचा विषय वाटू लागला. समजा चार तास बुडाले, तर त्या वेळात ज्या शेतकऱ्याची पट्टी झाली, ज्या खातेदाराने रोख भरली, ज्या बचत गटाचा हप्ता जमा झाला, त्यांना पुन्हा येऊन पावती दाखवावी लागणार. पावती हरवलेली असेल तर संस्थेचा शब्द विरुद्ध त्यांचा शब्द. हा भार कोणावर किती टाकायचा, हा संचालक मंडळाच्या ठरावाचा विषय आहे. सोनेतारणाचे दर आणि कर्जाची मर्यादा ठरावाने ठरते, मग बुडीत वेळेची मर्यादा तांत्रिक खोलीत का ठरावी?

खर्चाची सबब येथे टिकत नाही. लॉगचा बॅकअप वारंवार घेतला म्हणून एकूण नोंदी वाढत नाहीत; दिवसभराचा लॉग एकदा उचलला काय आणि शंभर तुकड्यांत उचलला काय, वजन साधारण तेवढेच. उलट वारंवार उचलल्याने लॉगची फाइल लहान राहते. बुलढाण्यातच १९८६ मध्ये राधेश्याम चांडक यांनी सुरू केलेली बुलडाणा अर्बन ही पतसंस्था पुढे राज्याबाहेर शाखा काढण्याइतकी वाढली. अशा आकाराच्या संस्थेला स्वतंत्र संगणक विभाग ठेवता येतो. अडचण आहे ती तालुक्याच्या ठिकाणच्या, एका सर्व्हरवर आणि एका ऑपरेटरवर चालणाऱ्या लहान पतसंस्थेची. पण लॉगचा बॅकअप चालू करायला विभाग लागत नाही. लागते ती वेगळ्या डिस्कवरची थोडी जागा, वेळापत्रकाची एक ओळ आणि रोज सकाळी ती ओळ चालली का ते पाहणारा एक माणूस.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सगळीकडे एवढी काटेकोरी कशाला? बरोबरच आहे. ज्या डेटाबेसमधली माहिती दुसऱ्या एखाद्या मूळ ठिकाणाहून पुन्हा भरता येते, उदाहरणार्थ अहवालांसाठी रोज रात्री नव्याने बनवलेली प्रत, तिथे 'सिंपल' हीच योग्य निवड आहे. वर्षातून चार वेळा बदलणाऱ्या यादीला दर १५ मिनिटांचा लॉग हवा असे कोणी म्हणणार नाही. मात्र ही सूट समजून उमजून घ्यावी. डिस्क भरली म्हणून घेऊ नये.

तिसरा आक्षेप हल्ली सगळ्यात जास्त ऐकू येतो. डेटा दोन डिस्कवर एकदम लिहिला जातो, शिवाय दुसऱ्या शहरात हुबेहूब चालती प्रत आहे, मग लॉगचा बॅकअप कशाला? चालती प्रत ही स्वतः लॉगवरच चालते. मूळ सर्व्हरचा लॉग तिथे सतत पोहोचतो आणि लावला जातो. म्हणूनच २ वाजून १० मिनिटांची चूक क्षणार्धात तिथेही पोहोचते. जोड-डिस्क आणि चालती प्रत यंत्र बंद पडू नये यासाठी आहेत. माणसाने केलेली चूक त्या प्रामाणिकपणे दुप्पट करतात. कालच्या क्षणाकडे परत नेण्याची ताकद साठवलेल्या लॉगमध्येच असते. क्लाउडवरचा डेटाबेस घेतला तरी पाठीमागे हेच चालते. अमुक दिवसांपर्यंतच्या कोणत्याही क्षणाला परत जाण्याची जी सुविधा तिथे मिळते ती साठवलेल्या लॉगवरच उभी असते, आणि ते दिवस किती हे विचारून घ्यावे लागते.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत जे घडले ते या संदर्भात वाचनीय आहे, आणि त्या कंपनीने ते स्वतःच उघडपणे मांडले. रात्री उशिरा चालती प्रत दुरुस्त करताना एका अभियंत्याच्या हातून चुकीच्या सर्व्हरवरचे, म्हणजे मुख्य डेटाबेसचे फोल्डर पुसले गेले. सुमारे ३०० जीबींपैकी हाती राहिले ते ४.५ जीबी. बॅकअपच्या अनेक व्यवस्था कागदावर होत्या. नित्याचा बॅकअप डेटाबेसच्या दुसऱ्या आवृत्तीच्या साधनाने चालत असल्याने बरेच दिवस अपयशी होत होता, आणि ते कळवणारे ईमेल पोहोचतच नव्हते. वाचवले ते सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या एका प्रतीने. सहा तासांचे काम गेले. लॉगची साखळी बाहेर साठवत गेले असते तर तोटा मिनिटांत मोजता आला असता.

यातून साठवणुकीचा आणि तालमीचा मुद्दा येतो. लॉगचे बॅकअप त्याच सर्व्हरच्या डी ड्राइव्हवर ठेवणे म्हणजे घराची दुसरी किल्ली आतल्याच खुंटीला लावणे. त्यांची एक प्रत दुसऱ्या यंत्रावर, एक दुसऱ्या गावी हवी. खंडणीखोर व्हायरस जोडलेले सगळे ड्राइव्ह कुलूपबंद करतात, म्हणून निदान एक प्रत जोडणीबाहेरची किंवा मुदतीपर्यंत पुसताच न येणारी. पोस्टग्रेसमध्ये तुकडा पोहोचवणारी आज्ञा काम झाल्याचे सांगते, त्यावर सर्व्हर विश्वास ठेवतो आणि स्वतःकडचा तुकडा मोकळा करतो. आज्ञा हलगर्जीपणे लिहिलेली असेल तर ती खोटे सांगू शकते. या सगळ्यांवर एकच तपासणी आहे: महिन्यातून एकदा दुसऱ्या यंत्रावर पूर्ण बॅकअप उतरवायचा, लॉग चढवायचे, ठरवलेल्या मिनिटाला थांबायचे, आणि त्या मिनिटाची रोकड शिल्लक छापील रोजकीर्दीशी जुळते का ते लेखापालाकडून पाहून घ्यायचे. ही तालीम करणाऱ्याला किती वेळ लागतो हेही कळते. चार जीबीच्या डेटाबेसवर तीन हजार छोटे लॉग चढवायला जो वेळ लागतो त्याने अनेकांचे अंदाज चुकवले आहेत. डिफरेन्शियलचा उपयोग तो वेळ कापण्यासाठीच आहे.

लॉगबद्दल दोन गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत. कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये १ एप्रिल २०२३ पासून बदलांचा मागोवा ठेवणारी, बंद न करता येणारी सोय असणे कायद्याने आवश्यक झाले आहे. या ऑडिट ट्रेलमध्ये कोणी, केव्हा, काय बदलले ते माणसाला वाचता येईल असे असते. ट्रान्झॅक्शन लॉग तसा नाही. तो यंत्रासाठी लिहिलेला, पान आणि बाइटच्या भाषेतला, आणि बॅकअपनंतर जागा मोकळी करून देणारा. एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही. दुसरी गोष्ट अशी की लॉगच्या जुन्या बॅकअपमध्ये पुसलेली माहितीही शिल्लक राहते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क मान्य केला आहे. जमिनीचा फेरफार कायम जपायचा असतो. खातेदाराचा मोबाइल नंबर बदलल्याची लॉगमधली नोंद कायम जपण्याचे कारण नाही. म्हणून साखळी किती दिवस ठेवायची याचीही मुदत ठरवावी लागते. साधारण नियम असा: सर्वांत जुना पूर्ण बॅकअप जितका मागचा ठेवला असेल, तिथपासूनचे सगळे लॉग ठेवायचे. त्याआधीचे लॉग पायाच नसल्याने कशावर चढवता येत नाहीत, ते नष्ट करायला हरकत नाही.

प्रत्यक्ष पुनर्स्थापनेच्या शेवटच्या टप्प्यात एक निर्णय असा असतो की जो मागे घेता येत नाही. लॉग चढवत असताना डेटाबेस बंद, अर्धवट अवस्थेत ठेवलेला असतो, म्हणजे पुढचा लॉग घेता येतो. शेवटचा लॉग चढला, हवा तो क्षण आला, की अर्धवट व्यवहार उलटे फिरवून डेटाबेस खुला करतात. खुला केल्यावर त्यात नव्या नोंदी पडू लागतात आणि जुना इतिहास तिथे दुभंगतो. आधीच्या साखळीतला पुढचा लॉग त्यावर आता चढणार नाही. पोस्टग्रेस या नव्या फाट्याला नवा टाइमलाइन क्रमांकच देतो. त्यामुळे खुला करण्याआधी शेवटचा लॉग खरोखर शेवटचाच आहे ना, शेपटी चढली ना, थांबण्याची वेळ सर्व्हरच्या घड्याळाप्रमाणे आहे की भिंतीवरच्या, हे पाहायचे. नंतर मधल्या काळातल्या नोंदी काटापट्ट्या आणि पावत्यांवरून भरायच्या, आणि काउंटर उघडण्याआधी नवा पूर्ण बॅकअप घ्यायचा. पुढची साखळी त्या बॅकअपपासून सुरू होते.